गठ्ठा सोडण्याआधी: नागपूरच्या रद्दीवाल्या-भंगारवाल्यांना खुलं पत्र

नागपूर आणि कामठीतल्या सर्व रद्दीवाल्या, भंगारवाल्या आणि हातगाडीवर फिरणाऱ्या भावांना व बहिणींना,

राम राम, जय भीम, सलाम आणि जय सेवा.

इतिहासाच्या नावानं खुलं पत्र लिहायचं ते मुख्यमंत्र्यांना, कुलगुरूंना नाहीतर महापालिका आयुक्तांना, अशी आपल्याकडे रीत आहे. मी तुम्हाला लिहितेय. साहेबांच्या टेबलावर जुना कागद पोचेल तेव्हा पोचेल, तुमच्या काट्यावर तो आज दुपारी येऊन पडणार आहे. महाल किंवा इतवारी भागातला एखादा वाडा बिल्डरकडे गेला की माळ्यावरची पेटी खाली येते. घरातल्या पोरांना त्यातलं काही वाचता येत नाही, सुनेला नव्या फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि संध्याकाळपर्यंत पेटी तुमच्या गाडीवर असते. पुराभिलेखाचा अधिकारी, विद्यापीठाचा प्राध्यापक, माझ्यासारखी हौसेनं मोडी वाचणारी बाई, यातलं कोणीही त्या पेटीच्या वाटेवर उभं नसतं. तुम्ही असता.

जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: इतिहास दडपता येतो, पुसता येत नाही, एक ना एक दिवस तो वर येतोच. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होतं, आणि सभागृहामागच्या खोलीत त्याच संस्थेचं जुनं प्रोसिडिंग बुक वाळवी खात राहते. मला हे वाक्य पटत नाही. त्यानं माणूस निर्धास्त होतो, हा त्याचा मोठा दोष. आपोआप वर येणारच असेल तर जपायची उठाठेव कोण करणार?

पण त्यात काहीच तथ्य नाही असंही नाही, म्हणून आधी त्याची बाजू सांगते.

रामटेकजवळचं नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन. सोळाशे वर्षांपूर्वी ही वाकाटकांची राजधानी होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथं सून म्हणून आली, तिचा नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हा कारभार तिनंच हाती घेतला. पुढं हे घराणं लोकांच्या आठवणीतून साफ गेलं. रामटेकच्या जत्रेला जाणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं आणि नागपुरात राज्य करणाऱ्या भोसल्यांनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुराणांत विंध्यशक्ती, प्रवीर अशी नावं तेवढी उरली होती. मग १८३६ मध्ये शिवनीचा एक ताम्रपट जुन्या लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रजानं छापला आणि हळूहळू एकेक लेख उजेडात येत गेला. आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी आयुष्यभर हे लेख वाचले आणि १९६३ मध्ये वाकाटकांच्या सगळ्या कोरीव लेखांचा जाडजूड खंड निघाला. हजारावर वर्षं कोणी नाव न घेतलेलं घराणं आज शाळेच्या पुस्तकात आहे.

तुमच्या धंद्याच्या आणखी जवळचं उदाहरण इजिप्तमधलं. ऑक्सिरिंकस नावाच्या जुन्या शहराबाहेर लोक शेकडो वर्षं कचरा टाकत होते. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोघे इंग्रज ते उकिरडे उकरायला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत तिथून पपायरसचे लाखो तुकडे निघाले. कराच्या पावत्या, भाडेकरार, पोरांनी गिरवलेली अक्षरं, जेवणाची आमंत्रणं, घरच्यांवर रुसून लिहिलेली पत्रं आणि मधूनच सॅफोसारख्या कवयित्रीच्या हरवलेल्या ओळी. लोकांनी टाकून दिलेली रद्दीच ती. फक्त तिथं पाऊस नाही. आपल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोला जे जातं ते पावसाळ्यात कुजतं आणि वाचलंच तर उन्हाळ्यात पेटतं.

आणि तुमच्या गोदामातून पेपर मिलला गेलेला गठ्ठा? तिथं पाण्याची टाकी आणि तळाशी फिरणारं पातं. थोड्याच वेळात शाई, अक्षर, सही, सगळ्याचा लगदा, आणि लगद्याचा पुठ्ठा. त्या टाकीतून कोणताही प्रिन्सेप काही परत आणू शकत नाही. वर येणारा इतिहास आपल्याला दिसतो, म्हणून तो नेहमी वर येतो असं वाटतं. जो आला नाही त्याची मोजदाद कोण ठेवणार?

हे हरवणं निदान कळतं तरी. याहून न कळणारं एक हरवणं आहे, आणि पत्र लिहायला बसले ती त्यासाठी.

प्रभावतीगुप्तेचा एक महत्त्वाचा ताम्रपट गेल्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती लागला तो एका तांबटाकडून. अहमदनगरकडचं कुटुंब, आणि पत्रे घरात पिढीजात चालत आलेले. तांबं ठोकून हंडे-कळशा घडवणं हे ज्याचं पोट, त्याच्या घरात तांब्याचे जाड पत्रे पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि भट्टीत गेले नाहीत! त्यावरची अक्षरं घरात कोणाला वाचता येत असतील असं वाटत नाही. वाचता येत नसलेली वस्तू जपणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या हिशेबी विदर्भाच्या इतिहासावर त्या घराचे उपकार एखाद्या विद्यापीठाइतके आहेत, आणि मला वाटतं तुमच्या धंद्यातल्या माणसांनी त्या तांबटाला आपला पूर्वज मानायला हरकत नाही.

पत्र्यांवर नंदिवर्धनचं नाव कोरलेलं होतं. राणीचं, तिच्या वडिलांचं, दान दिलेल्या गावाचं, त्याच्या शेजारच्या गावांचंही नाव होतं. म्हणून पुष्कळ काही कळलं. पण ते पत्रे मुळात कुठल्या शेतात, कोणाच्या घराच्या पायात सापडले आणि अहमदनगरकडे कसे गेले, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ती जागा कळली असती तर दानाचं गाव आजचं कोणतं हे ठरवायला पक्का आधार मिळाला असता. आता नावाच्या सारखेपणावरून तर्क करत बसावं लागतं. वस्तू शाबूत, तिच्यावरची अक्षरं वाचून झालेली, तरीही तिचा एक भाग कायमचा गेला.

याच्या उलट नगरधनचा मातीचा ठसा पाहा. गेल्या दशकात राज्याच्या पुरातत्त्व विभागानं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. त्यात सहा-सात ग्रॅमचा एक ठसा मिळाला. तुमच्या काट्याला त्याची दखलही लागणार नाही. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचं नाव आहे. उत्खननात कुठली वस्तू कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी निघाली हे त्याच वेळी लिहून ठेवतात, म्हणून तो ठसा राणीच्या कारभाराचा साक्षीदार ठरतो. हाच ठसा कोणी शेतातून उचलून खिशात घातला असता आणि काही वर्षांनी बाजारात काढला असता, तर पहिला प्रश्न आला असता: खरा कशावरून?

काटोल रोडनं जुनापाणीला गेलात तर तिथं दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. लोहयुगातली माणसं आपली मेलेली माणसं पुरून भोवती मोठाले दगड गोल मांडत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, आणि खळग्यांचे दगड वर्तुळात ठरावीक दिशांना येतात असं अलीकडच्या अभ्यासकांनी मांडलंय. आता असा एक दगड कोणी शोभेसाठी फार्महाऊसच्या दारात नेऊन ठेवला, तर दगड नाहीसा होत नाही, पण दिशा गेली. विदर्भात अशी कितीतरी वर्तुळं शेत सपाट करताना आणि गिट्टी फोडताना मोडली. त्यांचेही दगड कुठं गेले नाहीत म्हणा, रस्त्यात आहेत. आपण त्यांच्यावरूनच गाड्या नेतो.

सगळं कुठं ना कुठं असतंच, असं म्हणणाऱ्याला मी हेच सांगते. असतं बाबा. पण ते कुठून आलं, कोणाचं होतं, कशासोबत होतं, हा धागा तुटला की ती वस्तू मुकी होते. तो धागा तुटण्याची जागा बहुतेक वेळा तुमचं गोदाम असते, आणि तो तिथंच वाचवताही येतो.

कागदाचंही तेच. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले गेले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि १८६४ मध्ये महालातला काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा राजवाडा जळाला. त्या दरबाराबद्दल आज आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात नेमलेल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या, पत्रव्यवहारातून येतं. रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटचा १८२७ चा अहवाल उघडा. शेतसारा, बाजार, जाती, पिकं, सगळं नीट मांडलेलं. मी त्याचा उपयोग करते आणि त्याला मानतेही. पण लिहिणारा राज्य करायला आलेला माणूस होता. त्यानं विचारलं नाही ते त्यात नाही. कोष्ट्यानं सुताचे पैसे कुणाकडून उचलले, कोणत्या सालच्या लग्नात घर गहाण पडलं, विधवा काकूला वाटणीत कोणती खोली मिळाली, हे सावकाराच्या वहीत आणि घरच्या वाटणीपत्रात असतं. त्या वह्या रेसिडेन्सीत गेल्या नाहीत, त्या माळ्यावर राहिल्या. आणि माळे आता पडताहेत.

ज्यांच्या घराला माळाच नव्हता त्यांचं काय? दलित चळवळीतले कार्यकर्ते किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरातून १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे नियतकालिक काढलं, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ पासून ‘मजूर पत्रिका’, पुढं १९३१ मध्ये ‘चोखामेळा’. ही नावं आणि वर्षं आपल्याला माहीत आहेत, कारण नंतरच्या लोकांनी ती उतरवून ठेवली. अंक मात्र आज बघायला मिळणं महाकठीण. काहीतरी होतं हे कळतं, काय होतं ते कळत नाही. त्यातली एखादी प्रत अजून कुठं असेलच तर ती मोठ्या ग्रंथालयात निघण्याची आशा मला फारशी नाही. जुन्या वस्तीतल्या एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांखाली अंथरलेली मिळेल.

१४ ऑक्टोबर १९५६ चंही असंच. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, लाखो माणसं होती, फोटो आहेत, भाषण आहे. त्या दिवशी सोळा वर्षांचा असलेला मुलगा आता पंच्याऐंशीच्या आसपास आहे. तो कोणत्या गावाहून किती जणांसोबत आला, वाटेत कुठं भाकरी खाल्ली, परत गेल्यावर घरातले देव कोणी उचलले आणि घरात काय भांडण झालं, हे त्याच्याजवळ आहे, नाहीतर कुठंच नाही. इंदोरा, लष्करीबाग, पाचपावलीत असा एकेक म्हातारा जातो आणि महिन्याभरात घर झाडलं जातं. वर्गणीच्या पावत्या, सभेची हँडबिलं, शाळेच्या वहीत लिहिलेली गाणी, मागं काहीच न लिहिलेले फोटो. या चार-दोन किलो कागदाला तुम्हीही फार भाव देत नाही, आणि भाव द्यावा असं त्याच्या तोंडावर काही दिसतही नाही.

तुमच्यातल्याच एकानं मला विचारलं होतं, “पन ताई, सगळंच ठेवाचं म्हटलं तं गोदाम कोनाचं?” प्रश्न रास्त आहे. सगळं ठेवायचं नाही. सरकारी दप्तरातसुद्धा कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्ग कायम राहतो, ड वर्ग वर्षभरात फाडून टाकतात. सगळं जपणारं शहर कागदाखालीच मरेल. लाइट बिलं जाऊ द्या, गाइडं जाऊ द्या, लग्नपत्रिकांचे ढीग जाऊ द्या (एखादी फार जुनी सोडून). पण विचार करून टाकणं वेगळं, आणि न बघता टाकणं वेगळं.

तर मागणं एवढंच आहे. हातानं लिहिलेलं जुनं काही आलं, किंवा जुन्या छापील पत्रकांचा, अंकांचा, फोटोंचा गठ्ठा आला, तर तो आठवडाभर बाजूला ठेवा आणि कुठून आला ते त्यावर लिहा. तुम्हाला वाचता आलं पाहिजे असं अजिबात नाही. मोडी ओळखणं सोपं आहे. पानभर आडव्या रेघा आधी ओढलेल्या असतात, त्यांना लोंबकळल्यासारखी वळणदार अक्षरं असतात आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. कागद जाडसर, हाताला कापडासारखा लागतो. तो जुना दिसतो म्हणून कुजका समजू नका. हातकागद आणि काजळीची शाई दोनशे वर्षं टिकते, तर लाकडाच्या लगद्यावर छापलेलं १९५० चं वर्तमानपत्र हात लावला की तुटतं. छापील जुन्या अंकांना म्हणून जास्त घाई आहे.

कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, असतील तर गाठ सोडू नका. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता यावरून वाचणाऱ्याला फार कळतं. एका कागदावर नाव असतं आणि पुढच्या दहांवर नसतं, ते दहा कोणाचे हे त्या एकामुळं कळतं. भोसल्यांच्या वेळचं वेगळं, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचं वेगळं असं वर्गीकरण कोणी करून मागितलं तरी देऊ नका. तिकिटं जमवणाऱ्यांना स्टॅम्प पेपरचा वरचा छाप तेवढा हवा असतो. तो कापून घेतला की खालचा करार कोणत्या सालचा ते गेलं. अशी मुंडकी छाटलेली कागदं मी फूटपाथवर पाहिली आहेत, आणि मला तेव्हा जे वाटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

फुकट द्या असं मी म्हणणार नाही. तुमचं पोट वजनावर आहे. घेणारा भेटला तर रद्दीच्या भावाच्या दहापट मागा, देणारे आहेत. कोणाला विचारायचं? राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय नागपुरात आहे, विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे, अजब बंगला तर १८६३ पासून आहे. मोठ्या इमारतीत हातगाडी घेऊन शिरायचा संकोच मला समजतो. मग फोटो काढून मोडी वाचणाऱ्या कोणालाही पाठवा. शहरात आम्ही थोडे आहोत, पण आहोत, आणि एकाला कळलं की दुसऱ्याला कळतं.

पोलिसांची भीती वाटते असंही तुम्ही सांगता, म्हणून कायद्याचं थोडक्यात. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कोरीव लेख आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा ताम्रपट किंवा मूर्ती आली तर सरळ कळवा, भट्टीवाल्याकडे नका पाठवू. आणि कधी चौकशी झालीच तर कुठून आलं ही नोंद तुमच्याच कामी येईल. लपवणारा माणूस नोंद ठेवत नाही.

नवरात्र बसलं की घरोघरी झाडलोट सुरू होते आणि दिवाळीपर्यंत तुमच्या गोदामात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा हे सगळं कोणी करणार नाही हे मलाही कळतं, म्हणून जमेल तेवढंच सांगते. पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या, त्यावर लिहा: महाल, पाडलेला वाडा, माळ्यावरची लाकडी पेटी, आणि महिना. किंवा: इंदोरा, आजोबांची ट्रंक. तो तुकडा सुतळीखाली खोचा. घरमालकाची हरकत असेल तर नाव नको, वस्ती आणि पेटी पुरे. मूळ कागदावर मात्र काही लिहू नका. लिहायचं ते पेन्सिलनं लिहा, जेल पेन पाण्याचा थेंब पडला की पसरू शकतं.

तुमची,
महालात राहणारी, मोडी वाचणारी एक बहीण